बुरशीचं जाळं संगणकावर वाढवताना जाळं न होता झाडच का होतं?

तुम्ही लिहिलंय की एजंट-आधारित मॉडेलमध्ये (म्हणजे प्रत्येक घटकाला आपापले नियम देऊन चालवलेल्या मॉडेलमध्ये) बुरशीच्या तंतूंची टोकं वाढवली, फांद्या फोडल्या, तरी पडद्यावर जाळं होत नाही, नुसतं झाड दिसतं. माझं पहिलं मॉडेल इथेच अडलं होतं. तुमच्या नियमांत बहुधा जुळणी नाही. वाढतं टोक दुसऱ्या तंतूला भिडलं की तिथेच चिकटायला हवं आणि दोन्ही नळ्या आतून एक व्हायला हव्यात. याला ॲनास्टोमोसिस म्हणतात. फांद्यांनी झाडच होतं, जाळं होतं ते या जुळण्यांनी.

मी सोलापूरचा. वडील मागावर चादरी विणायचे. जॅकार्डवर कुठला ताणा कधी उचलायचा हे भोकं पाडलेल्या कार्डांवर आधीच ठरलेलं असतं, मोर कुठे उमटणार हे विणण्याआधी माहीत असतं. बुरशीकडे असं कार्ड नाही. म्हणून मॉडेलमध्ये नक्षी लिहायची नाही, एकेका टोकाने काय करायचं तेवढंच लिहायचं.

नेटलोगो वापरा, अशी मॉडेलं बनवायचं सॉफ्टवेअर आहे, फुकट मिळतं. त्याच्या भाषेत टोक म्हणजे टर्टल (फिरणारा घटक), तंतू म्हणजे लिंक (दोन घटकांना जोडणारी रेघ), खालची जागा म्हणजे पॅच (जमिनीचा चौकोन). हायफा, म्हणजे बुरशीचा तंतू, फक्त टोकाशी लांबते, त्यामुळे मागे पडलेल्या लिंकची लांबी बदलू नका. दर टिकला (मॉडेलमधल्या वेळेच्या एका पायरीला) टोक जरा डावं-उजवं वळून पाऊलभर पुढे जाईल, खालच्या पॅचमधलं अन्न कमी करेल आणि ठरावीक शक्यतेने 'हॅच' या आज्ञेने दुसरं टोक काढेल.

आता खरी मेख. कोवळ्या वसाहतीत टोकं एकमेकांना टाळतात, म्हणून ती बाहेर पसरते. जुळण्या होतात त्या मागच्या, जुन्या भागात. मी हा फरक न करता पहिल्या टिकपासून जुळणी चालू ठेवली, तर सगळी टोकं मधल्या मध्ये अडकली आणि वाढच थांबली. तंतूला वय द्या आणि वय झालेल्या तंतूंमध्येच जुळणी होऊ द्या.

संशोधक जेफ जोन्स यांचं 2010 चं फायसॅरम मॉडेल तुम्हाला कुठेतरी दिसेलच. तीन सेन्सरवाले कण माग सोडत फिरतात, चित्र फार देखणं येतं. पण फायसॅरम ही बुरशी नव्हे, स्लाइम मोल्ड आहे, म्हणजे बुरशीहून वेगळ्याच गटातला बुळबुळीत जीव. तिथला माग विरून जातो आणि वाटा सरकतात, बुरशीचा तंतू एकदा पडला की जागा सोडत नाही. बुरशी म्हणून तो कोड घेऊ नका.

पडताळणीला तंतूंची एकूण लांबी भागिले टोकांची संख्या काढा. हे हायफल ग्रोथ युनिट. खऱ्या बुरशीत सुरुवातीनंतर हा आकडा साधारण स्थिर होतो. तुमचा वाढतच राहिला तर फांद्या कमी फुटताहेत.

पॅचला अन्नासोबत ओलावाही द्या. श्रावणात डब्यात राहिलेल्या मऊ भाकरीवर दोन-तीन दिवसांत पांढरे ठिपके येतात. फळीवरच्या कडक भाकरीचं पीठ तेच ज्वारीचं, पण आठवडे गेले तरी तिच्यावर काही उगवत नाही.