खालची कवळी सैल पडते: दोन इम्प्लांट पुरतील की सहा लागतील?

तुमच्या प्रश्नावरून मला समजलेली परिस्थिती अशी आहे. आई ६८ वर्षांच्या आहेत, अंबाजोगाई तालुक्यात गावी राहतात, नऊ वर्षांपूर्वी त्यांना वरची आणि खालची पूर्ण कवळी बसवली. वरची आजही घट्ट आहे. खालची मात्र बोलताना उचलली जाते आणि भाकरी चावताना सरकते. मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. एका डॉक्टरांनी खाली दोन इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवायचे टायटॅनियमचे स्क्रू, लावून त्यांवर काढता-घालता येणारी कवळी सुचवली, तर दुसऱ्यांनी खाली सहा इम्प्लांट लावून पक्के दात बसवायला सांगितले. मी लातूरमध्ये कृत्रिम दातांचेच काम करणारा दंतवैद्य आहे. तोंड प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय अंतिम निर्णय देता येत नाही, परंतु तुम्ही लिहिलेल्या माहितीवरून माझा कल निःसंशय पहिल्या सल्ल्याकडे आहे, आणि तोही आधीची एक पायरी पूर्ण करूनच.

खालचीच कवळी का सैल होते, हे प्रथम समजून घ्यावे. वरची कवळी संपूर्ण टाळूवर पसरते, मध्ये लाळेचा पातळ थर असतो आणि कडा नीट मिटलेल्या असल्या की ती ओढून धरल्यासारखी बसते. खालच्या कवळीला टाळू नाही. ती नालेच्या आकाराची, अरुंद, आणि तिच्या आत सतत हलणारी जीभ तर बाहेरून गाल आणि ओठ. दात काढल्यावर जबड्याचे हाड झिजू लागते. पहिल्या वर्षात ही झीज सर्वांत वेगाने होते आणि पुढे आयुष्यभर थोडी थोडी चालूच राहते. खालच्या जबड्यात ती वरच्यापेक्षा साधारण चौपट असते. म्हणजे नऊ वर्षांपूर्वी ज्या हिरडीचे माप घेतले ती हिरडी आता राहिलेली नाही. मधुमेहात तोंड कोरडे पडत असेल तर पकड आणखी कमी होते.

म्हणून इम्प्लांटच्या आधी कवळी तपासून घ्या, ही ती पहिली पायरी. माझ्याकडे इम्प्लांटची चौकशी करायला आलेल्या बऱ्याच जणांची अडचण नव्याने, नीट मापाची कवळी करून दूर झाली आहे. तपासणी साधी असते: खालच्या कवळीवर दोन्ही बाजूंच्या दाढांवर आळीपाळीने बोट दाबून पाहतो, एका बाजूला दाबल्यावर दुसरी बाजू उचलली जात असेल तर ती हिरडीवर सपाट बसलेली नाही. मग आतल्या बाजूला पांढरी पेस्ट लावून ती तोंडात घालून काढतो, आणि पेस्ट जिथे पुसली जाते तिथे कवळी बोचत असल्याचे दिसते. दात झिजून चावा खाली गेला नसेल तर आतून नवा थर भरून, म्हणजे रीलाइन करून, काम भागते. नऊ वर्षे वापरलेल्या कवळीचे दात मात्र बहुधा इतके झिजलेले असतात की नवीच करणे शहाणपणाचे ठरते. मुळात बिघडलेल्या कवळीखाली इम्प्लांट लावले तर ते इम्प्लांटसुद्धा त्या कवळीचा त्रास थांबवू शकत नाहीत.

चांगली कवळी करूनही खालची हलत राहिली, आणि हाड फार झिजलेल्यांची ती हलतेच, तर दोन इम्प्लांटचा पर्याय घ्यावा. ब्रेनमार्क या स्वीडिश शास्त्रज्ञाच्या लक्षात १९५२ मध्ये आले की टायटॅनियम हाडाशी एकजीव होते, आणि १९६५ मध्ये त्याने पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे इम्प्लांट बसवले. पुढे २००२ मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी असे मत नोंदवले की ज्याच्या खालच्या जबड्यात एकही दात नाही त्याला नुसती कवळी न देता दोन इम्प्लांटवरची कवळी हाच पहिला पर्याय द्यावा. हे मत मला अजूनही पटते, कारण हे दोन इम्प्लांट पुढे, सुळ्यांच्या जागी बसतात. मागचे हाड पार झिजले तरी तिथले हाड बहुधा शिल्लक असते आणि ओठाला संवेदना देणाऱ्या शिरांपासून ती जागा सुरक्षित अंतरावर असते. या जागेतील इम्प्लांट टिकण्याचे प्रमाण ९५ टक्क्यांहून अधिक आहे.

दात काढताना देतात तसेच भुलीचे इंजेक्शन देऊन हे काम होते. हाड आणि इम्प्लांट एकजीव होण्यासाठी खालच्या जबड्यात साधारण तीन महिने थांबतात. तोवर आहे तीच कवळी आतून मऊ करून वापरता येते. नंतर हिरडीच्या वर दोन लहान खुंट्या येतात, ज्यांना आपल्याकडे रुग्ण सरळ ‘बटणे’ म्हणतात, आणि कवळीच्या आत त्यांवर बसणाऱ्या टोप्या व टोप्यांत नायलॉनच्या कड्या असतात. कवळी दाबली की टक् असा आवाज होतो. औसा तालुक्यातले एक वयस्क शेतकरी खालची कवळी सदऱ्याच्या खिशात रुमालात गुंडाळून आणायचे आणि फक्त फोटो काढायच्या वेळी घालायचे. बटणे लागल्यावर त्यांनी माझ्यासमोर बसून घरून आणलेली ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, आणि ठेचलेल्या दाण्याचा कण कवळीखाली गेला नाही याचेच त्यांना सर्वांत अप्रूप वाटले. तरीही खोटी आशा देऊ नये: ही कवळी मागच्या बाजूला हिरडीवरच टेकलेली असते, त्यामुळे ऊस सोलणे किंवा सुपारी फोडणे तिच्याकडून होणार नाही, आणि नायलॉनच्या कड्या सैल झाल्या की वर्ष-दीड वर्षाने बदलाव्या लागतात. ते काम काही मिनिटांचे असते, पण त्यासाठी यावे मात्र लागते.

बटणाऐवजी दोन इम्प्लांट जोडणारी धातूची पट्टीही लावता येते. तिची पकड अधिक असते, परंतु तिला कवळीत जास्त जागा लागते आणि तिच्याखाली साफसफाई करणे वृद्ध हातांना जड जाते. बारीक व्यासाचे मिनी इम्प्लांट स्वस्त पडतात आणि हाड अरुंद असेल तेव्हा उपयोगी ठरतात. केवळ स्वस्त म्हणून मी ते सुचवत नाही.

आता दुसरा सल्ला. चार किंवा सहा इम्प्लांटवर स्क्रूने बसवलेले पक्के दात हे वाईट काम नाही. ज्यांना रात्री दात काढून ठेवण्याची कल्पनाच सहन होत नाही, ज्यांच्याकडे खर्चाची सोय आहे, आणि जे दर सहा महिन्यांनी दवाखान्यात येऊ शकतात, त्यांना ते चांगले मानवते. तुमच्या आईंच्या बाबतीत मला तीन अडचणी दिसतात. पहिली म्हणजे ते दात घरी काढता येत नाहीत. त्यांच्या खालून ब्रश आणि दोरा घालून रोज सफाई करावी लागते, आणि ती राहिली तर इम्प्लांटभोवतीची हिरडी सुजून हाड खाल्ले जाते. मधुमेहात हा धोका अधिक असतो. दुसरी म्हणजे दात मोडला तर स्क्रू काढून दुरुस्ती करणारा माणूस गावापासून जवळ असायला हवा. तिसऱ्या अडचणीकडे फारसे कोणी लक्ष वेधत नाही आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते: खाली पक्के, जोरकस दात आणि वर नुसती कवळी अशी जोडी झाली की चावण्याचा सगळा भार वरच्या कवळीच्या पुढच्या भागावर येतो, तिथले हाड झिजते, आणि आज घट्ट असलेली वरची कवळी काही वर्षांत सैल पडू शकते. मग वरही इम्प्लांट लावण्याचा खर्च उभा राहतो, आणि वरचे हाड मऊ असल्याने तिथे काढता येणाऱ्या कवळीसाठीसुद्धा सहसा किमान चार लागतात. दोन बटणांवर हा धोका अगदी नाहीसा होत नाही, पण बराच कमी असतो.

शस्त्रक्रियेआधी काही गोष्टी डॉक्टरांना आपण होऊन सांगा. आई मिश्री लावत असतील किंवा तंबाखू खात असतील तर ते लपवू नका. आपल्या भागातल्या वयस्क बायका हे ‘व्यसन’ मानत नाहीत, म्हणून विचारल्यावर ‘नाही’ म्हणतात, आणि जखम भरायला नेमकी त्यामुळेच उशीर होतो. हाडे ठिसूळ झाल्याबद्दल गोळ्या किंवा इंजेक्शन चालू असेल तर तेही सांगा, कारण त्यांतली काही औषधे जबड्याच्या हाडाच्या भरण्यावर परिणाम करतात. रक्त पातळ करणारी गोळी असल्यास ती स्वतःहून बंद करू नका. कवळीमुळे पडलेला फोड कवळी काढून ठेवूनही दोन आठवड्यांत बरा झाला नाही, तर इम्प्लांटचा विषय बाजूला ठेवून आधी तो फोड दाखवा.

खर्च मी येथे लिहीत नाही, कारण तो इम्प्लांटच्या कंपनीवर आणि शहरावर फार बदलतो. मात्र लेखी अंदाज मागा आणि त्यात इम्प्लांट, बटणे, नवी कवळी आणि नंतरच्या कड्या वेगवेगळ्या लिहायला सांगा. बऱ्याचदा सांगितलेला आकडा नुसत्या स्क्रूचाच असतो. त्रिमितीय स्कॅन न करता कोणी तारीख देत असेल तर थांबा. काम झाल्यावर इम्प्लांटच्या डबीवरचे स्टिकर फाइलमध्ये लावून घ्या, म्हणजे दहा वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरांनाही योग्य सुटा भाग मागवता येईल. केवळ नवी कवळी करायची ठरली तर छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात ती खासगीपेक्षा कमी खर्चात होते, आणि इम्प्लांटची चौकशी तिथल्या कृत्रिम दंतशास्त्र विभागातच करता येईल.

सध्या आईंची एचबीए१सी ही, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी रक्तशर्करा दाखवणारी, रक्ततपासणी करून घ्या. ती ७ च्या आसपास असेल तर मी निर्धास्तपणे पुढे जातो. ८ च्या वर असेल तर फिजिशियनकडे पाठवून तीन महिने थांबतो आणि तेवढ्या काळात नवी कवळी करून देतो. त्या कवळीनेच आईंना भाकरी खाता येऊ लागली तर इम्प्लांट लावू नका. नाही आली, तर तीच कवळी पुढे बटणांवर बसवता येते आणि तिचा खर्च वाया जात नाही.