‘मान्य आहे, मॅडम’च्या पुढे

प्रश्न : मी सोलापुरातील एका महाविद्यालयात द्वितीय वर्षाला अर्थशास्त्र शिकवते. वर्गात मोजकीच मुले बोलतात, म्हणून मी मूडल या ऑनलाइन अध्यापन-प्रणालीवर लेखी चर्चा सुरू केली. ‘सोलापूरच्या वस्त्रोद्योगापुढील समस्या सांगा’ या प्रश्नावर पहिल्या मुलाने नोट्समधला उतारा टाकला आणि बाकीच्यांनी ‘मान्य आहे, मॅडम’ एवढेच लिहिले. हा खटाटोप सोडून द्यावा का?
— एक प्राध्यापिका

उत्तर : सोडू नये, प्रश्न मात्र बदलावा. आपल्या प्रश्नाचे उत्तर नोट्समध्ये तयार होते, त्यामुळे एकाने ते उतरवल्यावर इतरांना लिहिण्याजोगे काही उरलेच नाही. त्याऐवजी असे विचारून पाहावे : ‘आपल्या माहितीतल्या एखाद्या यंत्रमाग कारखान्यात चादर निघते की टेरी टॉवेल, याची चौकशी करा आणि मालकाने तसे का ठरवले असावे, ते सुताचा भाव, मजुरी आणि मागणी यांच्या आधारे लिहा.’ शहराच्या पूर्व भागात, म्हणजे विणकरांच्या वस्तीत, वाढलेली, घरी तेलुगू बोलणारी आणि वर्गात मराठीतून बोलताना बिचकणारी एखादी मुलगी याबाबत इतरांपेक्षा कितीतरी अधिक जाणत असते, आणि लिहिताना तिला वाक्य जुळवायला सवड मिळते. लेखी चर्चेचे खरे मोल मला इथेच दिसते.

नक्कल टाळण्यासाठी मूडलमधला चर्चेचा ‘प्रश्नोत्तर’ हा प्रकार निवडावा. त्यात स्वतःचे उत्तर टाकून दुरुस्तीची मुदत, जी सहसा 30 मिनिटांची असते, संपल्याशिवाय इतरांची उत्तरे दिसत नाहीत. गट आठ-दहा जणांचे करावेत. मुदत आठवडाभराची ठेवावी, कारण मोहोळ-अक्कलकोटहून एसटीने ये-जा करणाऱ्या मुलांना एका रात्रीत चौकशी करून लिहिणे जमणार नाही. गुण थोडेच ठेवावेत, आणि तेही सहाध्यायाच्या नेमक्या एखाद्या विधानाला कारणासह दिलेल्या उत्तरासाठी.

सर्वांत अवघड गोष्ट आपल्याला स्वतःला करायची आहे, ती म्हणजे थांबणे. शिक्षकाने प्रत्येक नोंदीला लगेच उत्तर दिले की मुले एकमेकांशी न बोलता शिक्षकाशीच बोलू लागतात. दोन दिवस नुसते वाचावे. मग ‘टॉवेलला मागणी जास्त’ म्हणणारा आणि ‘चादरीला मजूर मिळत नाही’ म्हणणारा, अशा दोघांची विधाने शेजारी मांडून, दोन्ही कारणे एकाच कारखान्यात खरी असू शकतील का, हे त्या दोघांनाच विचारावे. पुढचा तासही त्यांच्या परवानगीने तीच दोन वाक्ये फळ्यावर लिहून सुरू करावा.