कार्ड घेण्याआधी मोजपट्टी काढा

प्रश्न : गेमिंगसाठी ग्राफिक्स कार्ड बघतोय. नवं आरटीएक्स ४०६० (८ जीबी) घेऊ की वापरलेलं ३०६० (१२ जीबी)? मॉनिटर १०८०पी, ६० हर्ट्झचा. पॉवर सप्लाय ४५० वॉटचा आहे.

उत्तर : मॉनिटरचा आकडा दिलात, तिथेच अर्धं काम झालं. ६० हर्ट्झचा पडदा सेकंदाला ६० चित्रंच दाखवतो. कार्डाने १४० काढली तरी वरची तुमच्या डोळ्यांपर्यंत पोचायची नाहीत. त्यामुळे या दोन्हींहून महाग कार्डाच्या नादी लागू नका.

दोन्हींत मी ४०६० घेईन. ते ११५ वॉट खातं, ३०६० चांगलं १७०. तुमच्या सप्लायला हा फरक जाणवेल. (८ पिनची केबल आहे ना, तेवढं बघा.) १२ जीबी मेमरीचा मोह मला कळतो. टेक्श्चर (गेममधल्या वस्तूंच्या पृष्ठभागाचा तपशील) ‘अल्ट्रा’वरच हवं असा हट्ट असेल, तर काही नव्या गेममध्ये ८ जीबी अपुरे पडतात आणि ऐन मारामारीत चित्र अडखळतं. टेक्श्चर एक पायरी खाली आणलं की बहुतेकदा भागतं. शिवाय ३०६०चा ८ जीबीवाला प्रकारही आहे, १९२ऐवजी १२८ बिट बसचा, म्हणजे मेमरीकडे जाणारा रस्ताच अरुंद असलेला. जुनं घेताना नेमका तोच गळ्यात पडायचा.

आणि कॅबिनेट मोजा. माझं पहिलं मोठं कार्ड हार्ड डिस्कच्या पिंजऱ्याला बोटभर अडलं. रात्री अकराला स्क्रू काढून पिंजराच उपटला, डिस्क तळाशी दुहेरी टेपने चिकटवली. अजून तिथेच आहे.