वाचकांचे प्रश्न: पिंपातली धुरी

प्र. 200 लिटरचं लोखंडी पिंप मिळतंय. मांसाला धुरी द्यायला त्याचा स्मोकर कसा करायचा? (सांगलीहून)

उ. आधी पिंपात काय होतं ते विचारा. खाद्यतेलाचं चालेल. रंगाचं किंवा रसायनाचं फुकट मिळालं तरी नको, कितीही घासलं तरी भरवसा नाही. झाकण पूर्ण निघणारं हवं. आतला लेप मोकळ्या जागेत लाकडं पेटवून जाळून टाका, तारेच्या ब्रशने खरवडा, आतून तेलाचा हात फिरवा आणि एकदा नुसतंच तापवा.

तळापासून 5 सेंमीवर सारख्या अंतराने पाऊण इंची चार भोकं पाडा. तीन भोकांना टोप्या आणि चौथ्याला हवा कमी-जास्त करायला पितळी बॉल व्हॉल्व्ह बसवा. झाकणाला 12 मिमीची आठ भोकं. कोळशाची टोपली 35 सेंमी रुंद आणि 8 सेंमी पायांवर उभी, म्हणजे राख साचली तरी खालून हवा खेळते. मांसाची जाळी टोपलीच्या तळापासून 60 सेंमी वर. जाळी साध्या स्टीलची घ्या. जस्ताचा मुलामा तापला की त्याचा धूर घातक असतो.

प्र. कोंबडी काळी पडली आणि कडूजहर लागली. मसाला चुकला का? (नाशिकहून)

उ. मसाला नाही, धूर चुकला. आच वाढली की बहुतेक जण झाकणाची भोकं बंद करतात. आग गुदमरते, लाकूड अर्धवट जळतं आणि दाट पांढरा धूर सुटतो. त्यातलं डांबरासारखं द्रव्य थंड, ओल्या मांसावर बसतं. कडूपणा त्याचा. झाकणाची भोकं कायम उघडी ठेवा, आच खालच्या व्हॉल्व्हनेच आवरा.

कोळसा लाकडी हवा, इस्त्रीवाले वापरतात तो. दगडी कोळसा अजिबात नको. टोपलीत अडीच-तीन किलो भरा, मधोमध खळगा करून त्यात मूठभर पेटते निखारे टाका. रॉकेल ओतू नका, वास मांसात उतरतो. लाकूड पेरूचं किंवा आंब्याचं, चांगलं वाळलेलं. मुठीएवढे दोन-तीन तुकडे कोंबडीला पुरे. ते पाण्यात भिजवायचा सल्ला सर्रास मिळतो, पण त्याने वाफ आणि पांढरा धूर तेवढा वाढतो. धूर विरळ, निळसर झाला की मगच कोंबडी ठेवा. त्याला अर्धा तास सहज लागतो.

प्र. कोंबडी किती वेळ ठेवायची? हाडाजवळ गुलाबी राहते. (पुण्याहून)

उ. दुकानदाराला सालीसकट द्यायला सांगा; सोललेली कोरडी पडते. गावठी कोंबडी या कामाला चिवट, ब्रॉयलरच घ्या. लिटरभर पाण्यात 60 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात कोंबडी फ्रिजमध्ये चार-पाच तास बुडवून ठेवा, मग पुसून रात्रभर तिथेच उघडी सुकवा. पाठीच्या कण्यातून कापून उघडलेली सव्वा किलोची कोंबडी 130 अंशांना साधारण दोन तासांत होते. 110 ला ठेवली तर साल रबरासारखी राहते. पण घड्याळापेक्षा टोचायचा थर्मामीटर खरा. मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता, 74 अंश दिसले की काढा. एवढं तापमान गाठल्यावर राहिलेला गुलाबीपणा कच्चेपणाचा नव्हे. धुरातले नायट्रोजनचे वायू मांसाचा रंग तसा धरून ठेवतात.

प्र. थंड धुरात मांस सुकवून महिनाभर टिकवता येईल का? गोव्यात चोरीस (डुकराच्या मांसाचा मसालेदार सॉसेज) टिकतोच की. (रत्नागिरीहून)

उ. चोरीस नुसत्या धुरावर टिकत नाही. त्यात भरपूर मीठ, सिरका आणि मिरची असते आणि तो वाळवलेला असतो. नुसत्या थंड धुरात, तेही किनाऱ्यावरच्या उकाड्यात, मांस तासन्‌तास 5 ते 60 अंशांच्या मधे राहतं आणि जंतूंना तेच हवं असतं. करू नका. गरम धुरीचं मांस फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवा.

प्र. फ्लॅटच्या बाल्कनीत हे चालेल? (ठाण्याहून)

उ. नाही. कोळशातून सुटणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो, तो घरात शिरलेला कळणारही नाही.