‘डिग्री नाही, मग मला चित्रकार कोण म्हणणार?’

आर्ट स्कूलची डिग्री नाही, वय चाळिशीकडे झुकलेलं, त्यात देश परका. आता चित्रकार होण्याचं स्वप्न बघण्यात अर्थ आहे का? मी समुपदेशक आहे आणि परदेशात राहणाऱ्या मराठी बायका मला हे बरेचदा विचारतात. न्यू जर्सीतल्या एकीचा अनुभव तिच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

ती मूळची नाशिकची, बी.कॉम. करून बँकेत लागलेली. लग्नानंतर एच-फोर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या, व्हिसावर अमेरिकेत गेली आणि नोकरी सुटली. मुलगा शाळेत गेला की जेवणाच्या टेबलावर ॲक्रिलिक घेऊन बसायची. शिक्षण यूट्यूबवरून आणि ग्रंथालयातल्या पुस्तकांतून. ऑनलाइन बोलताना एकदा म्हणाली, “मॅडम, कॅनव्हास नवऱ्याच्या पगारातून येतो. घरात कुणी काही बोलत नाही हो, पण मलाच खातं ते.”

मला हे डिग्रीपेक्षा महत्त्वाचं वाटलं. स्वतःची कमाई थांबली की स्वतःसाठी काही मागायचा हक्कच संपला, असं भल्याभल्या बायकांना वाटतं. मग डिग्री नसण्याचं कारण हाताशी असतंच. त्यामुळे आम्ही आधी पैशांवर बोललो, चित्रांवर नंतर. नवराबायकोने बसून रंगसामानासाठी दरमहा ठरावीक रक्कम बाजूला काढली. तो काही उपकार नव्हता, घरखर्चातलाच एक भाग होता. एवढ्याने तिचं अवघडलेपण बरंच उतरलं.

मग तिने चित्रं दाखवली. मैत्रिणींच्या वास्तुशांतीसाठी केलेले गणपती, वारली, राधाकृष्ण. हात सफाईदार. शेवटी संकोचत तिने काही लहान कॅनव्हास पुढे केले: लॉन्ड्रोमॅटमध्ये, म्हणजे पैसे टाकून मशीनवर कपडे धुवायच्या दुकानात, कपडे वाळायची वाट बघत बसलेल्या बायका, वेगवेगळ्या देशांच्या. “ही कुणाला दाखवत नाही.” मी कलासमीक्षक नाही. पण गणपतींबद्दल दोन वाक्यांत आटोपणारी ही बाई त्या बायकांबद्दल तासभर बोलली.

तिला मी मॉरिस हर्शफील्ड यांच्याबद्दल सांगितलं. पोलंडमधून तरुणपणी न्यूयॉर्कला आलेला हा माणूस आधी कपड्यांच्या आणि मग चपलांच्या धंद्यात राबला. १९३७ मध्ये, पासष्टीच्या आसपास, त्यांनी ब्रश हातात घेतला. कुणाकडे शिकले नाहीत. १९४३ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्यांचं स्वतंत्र प्रदर्शन भरवलं. समीक्षकांनी टर उडवली, हेही तिच्यापासून लपवलं नाही. आणि सिडनी जॅनिस या संग्राहकाची नजर पडली नसती तर ती चित्रं त्या भिंतींवर पोचणं अवघडच होतं. म्हणून मी आग्रहाने सांगते, चित्रं अनोळखी माणसांना दाखवा. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या ‘सुंदर!’ने माया कळते, चित्र कसं आहे ते कळत नाही.

पदवी मुख्यतः कॉलेजात शिकवायचं असेल तर लागते. गॅलरीवाले बघतात ते काम, एकाच ध्यासातून आलेली, एका हाताची वाटणारी चित्रं. कच्चेपणा वाटत असेल तर शिकायची सोयही आहे. न्यूयॉर्कची आर्ट स्टुडंट्स लीग १८७५ पासून प्रवेशपरीक्षेशिवाय वर्ग चालवते. ही तिथे मानवाकृती रेखाटनाच्या वर्गाला जाऊ लागली.

एका बाबतीत मात्र तिला थांबवलं. एच-फोरवर ईएडी, म्हणजे काम करण्याची परवानगी, हातात नसताना चित्रं विकणं व्हिसाच्या अंगाशी येऊ शकतं. २०१५ पासून काही जोडीदारांना ईएडी मिळते, तीही नवऱ्याची किंवा बायकोची ग्रीन कार्डची प्रक्रिया ठरावीक टप्प्याला पोचल्यावर. हे समुपदेशकाला नव्हे, इमिग्रेशन वकिलालाच विचारायचं. तिने विचारलं.

तिचा ईएडीचा अर्ज अजून अडकलेला आहे, त्यामुळे विक्री तूर्त नाही. वकिलाचा सल्ला घेऊन लॉन्ड्रोमॅटची मालिका तिने गावच्या ग्रंथालयात मांडली. निवड समिती असलेल्या प्रदर्शनांनाही चित्रं पाठवते. बहुतेक ठिकाणांहून नकार आले, एका ठिकाणी निवड झाली. मैत्रिणींसाठी गणपती अजूनही करते, पण आता शनिवारीच.