सोळा तारा, उत्तर देणारी चिप एकच

प्रश्न : निन्टेंडोच्या १९८३ सालच्या फॅमिकॉम या गेम कन्सोलची मंडल-आकृती अभ्यासताना प्रोसेसरच्या सोळा ॲड्रेस तारा (हव्या असलेल्या जागेचा क्रमांक, म्हणजे पत्ता, कळवणाऱ्या तारा) रॅम (तात्पुरती मेमरी), चित्र-प्रोसेसर (पडद्यावरचे चित्र तयार करणारी चिप) आणि कार्ट्रिज (खेळ साठवलेली, कन्सोलमध्ये खोचायची डबी) या सगळ्यांकडे जाताना दिसतात. मग मागितलेली माहिती नेमकी योग्य तीच चिप कशी देते? आणि २ किलोबाइटची रॅम चार ठिकाणी का सापडते?

उत्तर : आकृती पुन्हा बारकाईने पाहिल्यास आपल्या लक्षात येईल की सोळाच्या सोळा तारा कोणाकडेच जात नाहीत. रॅमकडे खालच्या (पत्त्यातील लहान किमतीच्या अंकांच्या) अकरा, चित्र-प्रोसेसरकडे केवळ तीन आणि कार्ट्रिजकडे पंधरा तारा जातात. आपल्या दोन्ही प्रश्नांचे मूळ या वाटणीतच आहे.

प्रत्येक तारेवर ० किंवा १ असतो, म्हणून सोळा तारांवर ६५,५३६ पत्ते मांडता येतात. त्यांतील सर्वांत वरच्या तीन तारा एका छोट्या डिकोडर चिपकडे (पत्ता पाहून कोणती चिप बोलेल हे ठरवणाऱ्या चिपकडे) नेलेल्या आहेत. सर्वांत वरची तार १ असेल, तर डिकोडर कार्ट्रिजची निवड करतो, म्हणजे निम्मे पत्ते, ३२,७६८, एकट्या कार्ट्रिजच्या वाट्याला येतात. ती ० असेल, तर पुढच्या दोन तारा पाहून तो रॅम किंवा चित्र-प्रोसेसर निवडतो. ज्या चिपची निवड झालेली नाही, ती डेटा तारांवर (माहितीची ने-आण करणाऱ्या सामाईक तारांवर) ना ० लावते ना १, त्या तारा ती मोकळ्या सोडते. ही शिस्त नसती, तर दोन चिपा एकाच तारेवर परस्परविरोधी विद्युतदाब लावत राहिल्या असत्या आणि प्रोसेसरला निरर्थक माहिती मिळाली असती.

आता रॅम. डिकोडरने तिला ८,१९२ पत्त्यांचा पट्टा दिला आहे, परंतु तिच्यात जागा २,०४८ च आहेत आणि तेवढ्यांसाठी अकरा तारा पुरतात. मधल्या दोन तारा तिच्यापर्यंत पोहोचतच नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर काहीही असले तरी रॅमला फरक पडत नाही, आणि ०, २,०४८, ४,०९६ व ६,१४४ हे चारही पत्ते एकाच जागेवर येऊन थांबतात. चित्र-प्रोसेसरची आठ रजिस्टरे (चिपमधील छोट्या नोंद-जागा) तर याच कारणाने १,०२४ वेळा पुनरावृत्त होतात! माझ्या मते याला दोष म्हणू नये, कारण पत्ते मुबलक होते आणि ही पुनरावृत्ती टाळण्यासाठी जादा चिपा लागल्या असत्या. एम्युलेटर (या कन्सोलची हुबेहूब नक्कल करणारा संगणक-प्रोग्राम) लिहिणाऱ्याने मात्र ती जशीच्या तशी उतरवली पाहिजे.

एक बाब आकृतीत सहज नजरेतून सुटते. चित्र-प्रोसेसरची स्वतःची, चौदा तारांची, वेगळी ॲड्रेस बस (ॲड्रेस तारांचा संच) आहे आणि चित्रांची मेमरी त्याच बसवर आहे, म्हणून प्रोसेसरला ती थेट दिसत नाही. तिच्यात काही लिहायचे असल्यास तो ८,१९८ या पत्त्यावरील रजिस्टरात हवा असलेला पत्ता दोन हप्त्यांत भरतो आणि मग ८,१९९ वर एक-एक बाइट पाठवतो.