रिपोर्टात सीडी १३ आलंय, म्हणजे दोन कॅन्सर का?

प्रश्न : डॉक्टर, माझ्या सहा वर्षांच्या पुतणीला एएलएल (लिम्फॉइड पेशींचा ब्लड कॅन्सर) निघालाय. फ्लो सायटोमेट्रीत, म्हणजे पेशींवरचे मार्कर बघायच्या तपासणीत, सीडी १९, सीडी १०, सीडी ३४, टीडीटी पॉझिटिव्ह, एमपीओ निगेटिव्ह आणि खाली ‘ॲबरंट (एरवी नसणारं) सीडी १३’. सीडी १३ तर मायलॉइडचा (ब्लड कॅन्सरच्या दुसऱ्या प्रकाराचा) मार्कर, म्हणजे पोरीला दोन्ही कॅन्सर, असं एका पाहुण्यानं मोबाइलवर वाचून सांगितलं, तेव्हापासून वहिनींनी नीट जेवण घेतलं नाही. खरंय का हे?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : नाही हो दादा, आधी वहिनींना जेवायला बसवा. सीडी १९, सीडी १०, टीडीटी एकत्र आले की पेशी बी-लिम्फोब्लास्टच, म्हणजे बी-एएलएलच्या कच्च्या पेशी, आणि त्यांच्यावर सीडी १३ नाहीतर सीडी ३३ दिसणं बी-एएलएलमध्ये बऱ्यापैकी कॉमन आहे. मिक्स्ड, म्हणजे दोन्ही प्रकारचा, म्हणायचे निकष कडक असतात, त्यात एमपीओ या मायलॉइडच्या मार्करला वजन आहे, नुसत्या सीडी १३ वर कुणी तसं म्हणत नाही. पाहुण्यांना मोबाइल खिशात ठेवायला सांगा.

उलट हे सीडी १३ पुढे कामाला येणार. इंडक्शन, म्हणजे ट्रीटमेंटचा पहिला टप्पा, संपला की, सुरुवातीपासून साधारण महिन्याभरानं, बोनमॅरो काढून एमआरडी (उरलेला आजार) बघतात, म्हणजे १०,००० पेशींत एखादी ब्लास्ट (कॅन्सरची कच्ची पेशी) उरलीय का ते. घोळ असा की लहान मुलांची मॅरो सावरायला लागली की चांगल्या कच्च्या बी पेशीही वाढतात, त्यांना हिमॅटोगोन्स म्हणतात, आणि त्यांच्यावरही सीडी १९, सीडी १० असतंच, मग ओळखायचं कसं? पर्वणीला रामकुंडावर सगळे भगव्यात असताना एकाच्याच डोक्यावर हिरवी टोपी असली की तो लगेच सापडतो, तसं हे सीडी १३. फक्त ही टोपी कधीकधी ट्रीटमेंटमध्ये गळते, म्हणून लॅब एकाच मार्करवर विसंबत नाही, सीडी ३८ कमी, सीडी ५८ जास्त, सीडी ६६सी, सीडी ७३ असं बरंच काही जोडीला बघते.

म्हणून पहिल्या रिपोर्टची झेरॉक्स एमआरडीच्या सॅम्पलसोबत द्याच, सॅम्पल मुंबईला जाणार असेल तर नक्कीच. आणि मॅरो काढताना पहिला पुल (सुईनं पहिल्यांदा ओढलेला भाग) एमआरडीला ठेवायला सांगा, नंतरच्या पुलमध्ये रक्त मिसळतं आणि आकडा खोटाच कमी येऊ शकतो. हे विचारायला लाजू नका.

रिस्क ठरते ती वय, सुरुवातीचा डब्ल्यूबीसी (रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा आकडा), जेनेटिक्सचा रिपोर्ट आणि हा एमआरडी यांच्यावर. १ ते १० वर्षांच्या आतलं वय आणि डब्ल्यूबीसी ५०,००० च्या खाली असेल तर सुरुवात बरी धरतात. वयाच्या बाबतीत पोरगी बसतेच, डब्ल्यूबीसी किती होता ते फाइलीत बघा, आणि बीसीआर-एबीएलचा (जेनेटिक्समधल्या एका बदलाचा) रिपोर्ट आला नसेल तर त्याच्या मागे लागा.